एका दमात कापलेला दगड

माझ्या धाकट्या भावाला सगळे पाणबुड्या म्हणतात. लहानपणी तलावात बुडी मारली की तो इतका वेळ आत राहायचा की आईचा जीव टांगणीला लागायचा. वर आला की दात काढायचा. तेव्हाच कानाखाली वाजवायला हवी होती, पण आम्हाला मेलं कौतुक.

पुढे तो दगड कापायला लागला. स्वयंपाकघराचे ओटे, जिन्याच्या पायऱ्या, बेसिनची भोकं. हात इतका सरळ की मालकालाही खोट सापडत नसे. कटरच्या पात्यावर पाणी सोडायची नळी असते, त्यानं धूळ बसते. पण पाण्यानं चिखल होतो, पेन्सिलीची रेघ पुसते. म्हणून या शहाण्यानं नळ बंदच ठेवला आणि स्वतःची युक्ती काढली. छाती भरून श्वास घ्यायचा, तोंड मिटायचं, एका दमात काप पुरा करायचा. कापताना श्वासच घेतला नाही तर धूळ आत जाईल कशी? बाकीच्या कारागिरांनाही त्यानं हेच शिकवलं. मोठा गुरू लागून गेला होता!

मग खोकला लागला. जिना चढताना तो मध्येच कठड्याला टेकून मोबाईल बघायचं सोंग करायचा. शेवटी मी बखोट धरून दवाखान्यात नेलं. तिथे एका नळीत जोर लावून फुंकायचं होतं. तपासणारी मुलगी "अजून, अजून" म्हणत राहिली आणि याची फुंकर सुरू होताच संपली. मला म्हणतो, मशीन बिघडलंय. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेचा फोटो समोर धरून समजावलं. नाकातले केस जाड धूळ अडवतात, आतला चिकट ओलावा उरलेली पकडतो, आणि श्वासनळीतली बारीक लव ती वर ढकलत राहते. नळ्यांना फाटे फुटत फुटत टोकाला इवले इवले फुगे असतात. त्यांची भिंत इतकी पातळ की हवेतला प्राणवायू पलीकडच्या रक्तात उतरतो आणि रक्तातला टाकाऊ वायू बाहेर येतो. दगडाची सगळ्यात बारीक धूळ थेट त्या फुग्यांपर्यंत जाते. तिथे व्रण होतात, भिंत निबर होते. आणि निबर झालेलं पुन्हा मऊ होत नाही.

"पण मी कापताना श्वास घेतच नाही," हा म्हणाला.

"मग नंतर घेता ना?" बाई म्हणाल्या.

श्वास रोखला की टाकाऊ वायू रक्तात साठतो आणि शरीर हवेसाठी धडपडतं. मग माणूस तोंड वासून मोठ्ठा श्वास ओढतो, नाकाची गाळणी चुकवून, आणि नेमकी तेव्हाच ती बारीक धूळ तोंडासमोर तरंगत असते. म्हणजे हा गाढव इतकी वर्षं धूळ अगदी तळापर्यंत पोचवत होता! बाई म्हणाल्या, गेलं ते गेलं, उरलंय ते धुळीपासून सांभाळा.

मी त्याला घरी नेलंच नाही, तशीच कारखान्यात घेऊन गेले. तिथे त्याच्या हाताखाली शिकलेले तिघंही कारागीर गाल फुगवून, माना खाली घालून कापत होते. काप संपला की मासळीसारखे आ वासत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, सांग आता यांना. यानं सांगितलं, आपलं चुकलं, नळ सोडून कापा. तर ते हसायला लागले. पाणबुड्या घाबरला म्हणे, ताईनं कान उपटला म्हणे.

तेव्हा तो पुढे झाला. म्हणाला, "बघा." छाती भरून घेतली, तोंड मिटलं. एवढा नावाजलेला पाणबुड्या, पण हसणाऱ्यांचं हसू विरायच्या आतच त्याचं तोंड उघडलं, आणि तो टेबलाला धरून असा खोकला की त्याचे ओठ निळसर पडले. एकानं जाऊन नळ सोडला.

परत येताना मी त्याला नाही नाही ते बोलत तरातरा पुढे चालले होते. चिखल नको म्हणे, रेघ दिसली पाहिजे म्हणे, आणि तुझी पोरं काय त्या रेघेकडे बघून मोठी होणार? मागून आवाज आला, "ताई, हळू चाल ना जरा."

उभ्या जन्मात त्यानं मला हळू चाल म्हटलेलं नव्हतं. मी वेग कमी केला. शिव्या मात्र घर येईपर्यंत थांबवल्या नाहीत, कारण थांबले असते तर रडले असते.