भिकूअक्काच्या अंगणातला पाट

पांझरेकाठच्या आमच्या गावात अशी बोलवा होती, की भिकूबाई अंगणात मातीचा वीतभर पाट करते, त्यात तांब्याने पाणी सोडते आणि मंत्र टाकून गावाचं पाणी भावाच्या शेताकडे ओढते. बाया हे सांगताना आवाज एवढा खाली आणत, की पलीकडच्या आळीला स्पष्ट ऐकू जाई.

यातला पाट खरा, मंत्र खोटा. अक्काची खोडच तशी. नवी चूल घालायची तर आधी मुठीएवढी चूल करून तिच्यात काडी पेटवायची, धूर कुठे जातो ते बघायचं, मगच मोठीला हात लावायचा. आणि तिच्या भावाला, चिंधाला, मुळात शेतच नव्हतं. तो पाटकरी. बंधाऱ्याचं पाणी पाळीपाळीने ज्याच्या त्याच्या वावरात सोडायचं, सुगीला गावाने धान्य द्यायचं, एवढ्यावर त्याचं घर.

पस्तीस सालच्या हिवाळ्यात पाटाच्या टोकाला रुपचंद नानांच्या उसाला पाणी पोचेना. वाळता ऊस बघून नानांना घास जाईना. चिंधा वरच्यांना पाणी विकतो, असं त्यांनी पंचांपुढे घातलं. चिंधा अबोल, त्याने मान खाली घातली, तीच लोकांनी कबुली धरली. त्याचं काम काढून घ्यायचं ठरतच आलं.

तेव्हा पाणी कुठे अडतं ते दाखवायला अक्काने पंचांना आणि पाटावरच्या शेतकऱ्यांना अंगणात बोलावलं. मातीचा पाट तिने एका हाताने, एका उताराने सारवला होता. पाणी सोडलं, ते सुरसुर करत थेट टोकाला गेलं. अक्काचा चेहरा उतरला.

नाना बोलण्याआधी असे खाकरत, की झाडावरचे कावळे उडत. ते खाकरले, त्यांनी मातीच्या पाटाकडे बोट केलं.

"देखा भो, आठे चिंधा नही, तं पाणी सरळ येस. आजून काय देखानं?"

पंचांनी माना डोलावल्या. अक्का ओल्या मातीकडे बघत राहिली.

"नाना, आठे चिंधा नही, तसं तुम्ही बी नही."

मग तिने तो पाट बुजवला. दसऱ्यानंतर खरा पाट कसा उपसता, ज्याने त्याने आपल्या वावरापुढचा, तसाच इथे बोटाने उपसा म्हणाली. म्हातारे हसत उकिडवे बसले. नानांच्या अलीकडचं शेत जीवरामचं. खोल तितकं पाणी जास्त, असं त्याचं ठाम मत. त्याने बोट दुसऱ्या पेरापर्यंत घातलं. टोकाला गाळ असतोच किती, म्हणून नानांनी नुसतं खरवडलं. पाणी सोडलं. ते जीवरामच्या खळग्यात शिरलं आणि तिथेच मुरत बसलं. नाना पुढे कोरडं बोट घेऊन.

तरी ते म्हणाले, हा पोरखेळ झाला. अक्काने ते नाकारलं नाही.

"मातीमां व्हयनं ते पाटमां व्हईच असं नही. पन तो खड्डा भरी देखा. नही उनं पाणी, तं चिंधाले काढी टाका."

चिंधाने मान वर केली ती तेव्हा.

जीवरामच्या शेतापुढचा खड्डा मुरूम टाकून चोपला, टोकाचा चढ उपसला. पुढच्या पाळीला पाणी उसात शिरलं, तेव्हा नाना खाकरायचं विसरले आणि चिंधासोबत बांधाबांधाने घरी आले.

पाणी येणार नाही, अशी पैज मी अक्काशी लावली होती; हरेल त्याने दुसऱ्याचा झोका ढकलायचा. म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आलेल्या झाडून साऱ्या पोरींसमोर, निंबाखाली तिचा झोका मी ढकलला. उतरायची तिला काही घाई नव्हती.