दौलतच्या क्लचमधलं तेल

हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं, आणि ज्याचं मी वाटोळं केलं तोच तो माणूस. घरात नाही, गॅरेजात नाही, पवनीत कोणालाच नाही. आता तुम्हाला सांगतोय, पण — जीभ अजून अडखळतेच.

आणीबाणी नुकतीच उठली होती. पवनीत माझं छोटं गॅरेज होतं. दौलत माझा शाळेपासूनचा मित्र, राईस मिलच्या जुन्या ट्रकवर ड्रायव्हर. त्या ट्रकचा क्लच तेलाच्या दाबावर चालायचा. ऐन धानाच्या हंगामात पेडल मऊ पडलं, गिअर कुरकुरायला लागला, म्हणून त्यानं ट्रक माझ्याकडे आणला. नळीत हवा शिरली होती. हवा काढायची, तेल भरायचं — एवढंच काम. पण तिथं ब्रेक ऑइलच लागतं, आणि माझ्याकडचं संपलेलं. भंडाऱ्याहून आणावं लागलं असतं. "उद्या ये" म्हणायला काय झालं होतं मला? पण मिस्त्री म्हणून ऐट होती. मी इंजिनाचं तेल ओतलं. त्या तेलानं आतले रबर फुगतात, हे मला माहीत नव्हतं का? — होतं. पुरतं माहीत होतं.

काही दिवस ट्रक झकास चालला. मग आसगावहून धान घेऊन आल्यावर, मिलच्या आवारात गाडी मागं घेताना दौलतनं क्लच दाबला, पण गाडी गिअरमधून सुटलीच नाही; इंजिन चाकांना ढकलतच राहिलं. ट्रक गोदामाची भिंत पाडून आत. हमाल जेवायला गेले होते, नाहीतर — हे वाक्य मी अजून पूर्ण करत नाही.

मिलच्या मालकांनी मलाच बोलावलं. मी क्लचचा सिलेंडर खोलला. रबर भिजलेल्या चण्यासारखे फुगलेले. मी ते मुठीत लपवले. काय झालं, मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं. दौलत माझ्याकडे पाहत होता — घाबरून नाही, विश्वासानं. आणि मी म्हणालो, "मालक, हा क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवते. मंग काय होईन?"

"असन बापा," दौलत हळूच म्हणाला. "मले तं समजलंच नाही."

माझ्यावर एवढा भरवसा, की त्याला स्वतःचाच पाय खोटा वाटला.

त्याच दिवशी त्याला गाडीवरून उतरवलं. इथं कोणी दुसरी गाडी देईना. बायको-पोरांना घेऊन तो बपेऱ्याला, सासुरवाडीला गेला आणि दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबला. मी? मी त्याच मालकाच्या गाड्या दुरुस्त करत राहिलो.

काही वर्षांनी एका दुपारी गॅरेजासमोर एक जुनाट ट्रक थांबला. दौलत उतरला. साळ्यासोबत भागीत घेतलेली गाडी, पेडल मऊ. एवढ्या लांबून — माझ्याकडेच! मी गाडीखाली शिरलो, तो वर बसला. तो पेडल दाबून धरी, मी हवा काढायचं निपल सैल करी, बुडबुडे निघाले की घट्ट करी. मधेच तो वरून म्हणाला, "तवापासून क्लचवर चुकूनबी पाय ठेवत नाही गा मी."

माझे हात थांबले. खालूनच बोललो. समोर उभं राहण्याची हिंमत कुठून आणू?

"दौलत, तुहा पाय बरोबर होता. तेल मी चुकीचं टाकलं होतं. अन् मले मालूम होतं."



"काहून केलं गा असं?"

मी निपलला पुन्हा पाना लावला. तो म्हणाला, "हवा हाय अजून. पेडल सोडू का?" आम्ही काम पुरं केलं. तो गाडी घेऊन निघून गेला.

मालक तोवर वारले होते. पवनीत अजून म्हणतात, ती भिंत दौलतनं पाडली. नाही. मी पाडली.

वाटलं होतं, तो पुन्हा दिसायचा नाही. पुढच्या हंगामात तीच गाडी घेऊन तो आला. मी ब्रेक ऑइलचा डबा उचलला, तसा त्यानं माझा हात अडवला. झाकण काढलं, बोट बुडवलं, वास घेतला.

"टाक," तो म्हणाला, आणि केबिनमध्ये चढला.