यकृत कोणाचं घ्यायचं

मुलगी आठ महिन्यांची असताना तिचं पोट हाताला टणक लागायला लागलं. जबलपूरला आमच्या घमापुरातल्या डॉक्टरांनी गॅसचे थेंब दिले. सासूबाई म्हणाल्या, "बाळसं आहे, नजर नको लावू." पुढे तिचे डोळे पिवळे झाले, तेव्हा सोनोग्राफी केली आणि यकृतात कॅन्सरची गाठ निघाली. इतक्या लहान जिवाला असलं काही होतं हेच मला माहीत नव्हतं. भेटायला येणारी प्रत्येक बाई मला विचारायची, "गरोदरपणात काय खाल्लं होतं?" नवऱ्याला कोणी काही विचारलं नाही.

आम्ही तिला दिल्लीला नेलं. केमोथेरपीने गाठ आकसली, पण ती यकृतभर पसरलेली होती आणि उरलेलं यकृत काम सोडत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण काढून दुसरं बसवावं लागेल. मोठ्या माणसाच्या यकृताचा तुकडा तिला पुरतो आणि देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. रक्तगट माझाही जुळत होता, नवऱ्याचाही. तरी मीच देणार हे कोणी न बोलताच ठरलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आईच देईल ना, आणखी कोण?"

मला द्यायचंच होतं. पण सिझेरियनची जखम अजून दुखायची, आणि आता पुन्हा पोटच चिरणार होते. भीती वाटते का, हे घरातल्या एकानेही विचारलं नाही. विचारलं ते दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी, दार लावून घेऊन. "आप पर किसी का दबाव तो नहीं?" मी नाही म्हटलं आणि मग बराच वेळ रडत बसले.

तपासण्यांत माझ्या यकृतातल्या नसांची ठेवण अडचणीची निघाली. डॉक्टर नवऱ्याकडे वळून म्हणाले, आता तुमच्या तपासण्या करू.

हे कळल्याबरोबर सासूबाई आणि काकेसासरे गाडी पकडून दिल्लीत हजर. आम्ही धर्मशाळेत उतरलो होतो, तिथल्या खाटेवर बैठक भरली.

"माझा एकच पोरगा," सासूबाई म्हणाल्या. "त्याला काहून कापून राहिले?"

काका नवऱ्याला म्हणाले, "सोच लो भैया. घर तुझ्यावर चालतं. पोरं काय, आणखी होतील."

समोरच्याच इमारतीत माझी मुलगी नाकात नळी घालून झोपली होती.

मी म्हटलं, "माझं पोट कापणार होते तेव्हा तुमच्यापैकी कोणी जबलपूरहून निघालं नाही."

"सूनबाई, तुझं वेगळं आहे."

"काय वेगळं, आई?"

त्या उठून नातीच्या कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या. त्या वाईट नव्हत्या. नातीसाठी सोमवार धरले होते त्यांनी. वाईट असत्या तर माझा राग सोपा झाला असता.

नवरा दोन दिवस माझ्याशी बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाला, "मी देऊन राहिलो. आई, तू काकांसोबत घरी जा." त्या गेल्या नाहीत, ऑपरेशन होईपर्यंत दाराशी बसून राहिल्या. बाप आणि लेक दोघंही त्यातून सुखरूप बाहेर आली.

मुलगी आता दुसरीत आहे. सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेते, त्या जन्मभर चालतील. संसर्गाच्या भीतीने तिला नर्मदेत उतरू देत नाही, म्हणून ग्वारीघाटला ती पायरीवर बसते. सासूबाई फुलवालीला सांगतात, "माझ्या पोराने हिला जीव दिला." खोटं नाही ते.

मागच्या हळदीकुंकवाला सिव्हिल लाइन्समधल्या एका बाई म्हणाल्या, "नशीबवान आहेस हो, असा नवरा मिळाला." मी विचारलं, "यकृत माझं घेतलं असतं तर त्यांना नशीबवान म्हटलं असतं का तुम्ही?" बाईंनी विषय बदलून तिळगूळ पुढे केला. मी तो न घेता उठले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "ते दोन दिवस मी तोंड मिटून बसलो होतो, हे सांगायचं होतं ना त्यांना."