घाटातले सात उंबर

रविवारी पहाटे नानांचा फोन आला. "तू नकाशावाला शेस ना? मंग ये लवकर."

नाना म्हणजे धुळ्यातले आमचे जुने शेजारी. आता चाळीसगावच्या दक्षिणेला, घाटाच्या पायथ्याशी शेती करतात. घाटरस्ता रुंद होतोय आणि डोंगर फोडून निघणारा मलबा वाडीच्या पिण्याच्या पाण्याच्या झिऱ्याच्या वरच्या अंगाला टाकणार, एवढं ऐकलं आणि स्कूटर काढली.

वैशाखात इकडे येणार असाल तर सातच्या आत निघा. चाळीसगावपर्यंत दीड तास, रस्ता झकास. तिथे सकाळी नऊला शेवभाजी खाणारा मी एकटाच नव्हतो, हे बायकोसाठी मुद्दाम लिहितोय. शेवटचे तीन किलोमीटर कच्चे, कंबर सांभाळा.

रात्री नानांकडेच राहिलो. सोमवारी साइटवरच्या इंजिनिअर ताई नकाशा घेऊन आल्या. त्यात झिराच नव्हता! मोजणी भर पावसाळ्यात झालेली. तेव्हा इथली प्रत्येक घळ वाहते, मग झिरा वेगळा दिसणार कसा? नानांनी त्याची जागा बोट ठेवून दाखवली.

"नाना, मलब्याची जागा झिऱ्यापासून बरीच लांब आहे," ताई म्हणाल्या.

नाना वाद न घालता चढायला लागले. वाडीतल्या बायांनी काही झाडांना खुणेसाठी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधल्या होत्या. "हाऊ उंबर देखा. तो वरला देखा. खाले पाणी शे म्हनीसन हिरवा शे. बठ्ठी वाडी हाईच पाणी पेस."

आजूबाजूचा डोंगर वाळून कोळ झालेला आणि मलब्याच्या जागेपासून थेट झिऱ्यापर्यंत सात हिरवेगार उंबर! ताई दगडावर बसल्या, माझी पेन्सिल मागितली आणि सातही झाडं नकाशात मांडली. "म्हणजे पाणी इथूनच झिऱ्यात उतरतं. मलबा पलीकडच्या जुन्या कोरड्या खाणीत टाकता येईल. फेरा पडेल, पण मी वरिष्ठांपुढे मांडते."

मी तीस वर्षं कचेरीत रस्त्यांचे नकाशे काढले, पण कधी कुणाला एका झाडाबद्दल विचारलं नाही. घरी परतल्यावर त्याचीच लाज वाटत राहिली. माझ्या रेघांखाली किती झिरे बुजले असतील, कोण जाणे.

पंधरा दिवसांनी नानांचा फोन. "डंपर खाणीकडे जाई राह्यनात."

"आणि झिरा?"

"पाणी भरेल शे. ताईनी सांगं, आते पुढली मोजणी उन्हायामाच, आन् गावना मानूस संगे लिसन."

खरं सांगतो, डोळे भरून आले.