पायरीला मीठ वर्ज्य

अमेरिकेतल्या आमच्या हर्नडनच्या गल्लीत काँक्रीट काका कुणाकडेही गेले, तरी आधी बेल वाजवत नसत. कोटाच्या खिशातून पूजेतली तांब्याची पळी काढत, बाटलीतलं पाणी तीत घेत आणि दारापुढच्या पायरीवर चार थेंब सोडत. थेंब टपोरे राहिले, तर काका खूश. पाणी मुरून पायरी काळपट पडली, की यजमानाला नमस्काराआधी निकाल ऐकावा लागे, "सीलरचा लेप संपलाय, पाणी आत शिरतंय. थंडीच्या आत नवा हात मारा." नवख्या माणसाला हा काहीतरी धार्मिक विधी वाटे. तसा तो होताच म्हणा.

काका महाराष्ट्रात धरणांवर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर काकूंना घेऊन मुलाकडे आले. पुढे मुलगा नोकरीसाठी पार पश्चिम किनाऱ्यावर, रेडमंडला गेला आणि हे दोघं इथेच राहिले. आल्या वर्षीच, ऐन नोव्हेंबरात, त्यांनी दारापुढे तीन पायऱ्या ओतून घेतल्या आणि जन्मभराच्या सवयीने त्यांवर गोणपाट पसरून सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. चौथ्या दिवशी गोणपाट गोठून पायऱ्यांना चिकटलं आणि हिवाळा सरेपर्यंत वरचे पापुद्रे सुटले. त्या पायऱ्या काकांनी कित्येक वर्षं तशाच ठेवल्या. "डोळ्यांपुढे राहू देत. माज उतरतो," म्हणायचे.

तेव्हापासून त्यांचा अभ्यास सुरू झाला आणि आमचा छळ. खंडेनवमीला ते फावडं, रोलर आणि सीलरची बादली पाटावर मांडून हळदकुंकू वाहत. "हवा कोरडी, थंडी बेताची. आपल्या पूर्वजांनी मुहूर्त काय काढलाय बघ!" पूर्वजांनी सीलरचा विचार केला असेल असं मला वाटत नाही, पण काकांशी वाद कोण घालणार?

त्यांचं खरं वैर मिठाशी. "मीठ बर्फ वितळवतं, मान्य. पण ते पाणी जातं कुठे? आत मुरतं, पुन्हा गोठतं, फुगतं आणि वरचा थर घेऊन बाहेर येतं." मी एकदा ड्राइव्हवेवर मीठ टाकलं, तर दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी माझ्या दाराशी वाळूचं पोतं येऊन पडलं. नव्या काँक्रीटचं पथ्य तर बाळंतिणीहून कडक. पहिल्या हिवाळ्यात त्याला मीठ दिसतासुद्धा कामा नये.

पुढे काकूंचे गुडघे गेले. तेव्हा कुठे काकांनी जुन्या पायऱ्या फोडल्या आणि मे महिन्यात, काकूंचा पाय किती उचलतो ते मोजून, बुटक्या पायऱ्या ओतून घेतल्या. काकू मला म्हणाल्या, "इतकी वर्षं धरणं बांधली यांनी. माझ्यासाठी बांधलं ते हे पहिलंच."

जानेवारीत काकूंचा एक गुडघा बदलला. दोन आठवड्यांनी टाके काढायचे होते, त्यात जखम लाल झाली होती, आणि नेमका आदल्या दिवशी गोठता पाऊस पडला. मी गाडी घेऊन गेलो, तर काकांनी टाकलेली वाळू बर्फाच्या काचेखाली गाडली गेलेली. फावडं नुसतं घसरत होतं. वॉकर धरून काकू दारात उभ्या.

"अपॉइंटमेंट कॅन्सल करू या का?" मी विचारलं.

काका आत गेले. येताना त्यांच्या हातात इंडियन स्टोअरमधले मिठाचे दोन पुडे होते. ते दातांनी फाडून त्यांनी सगळ्या पायऱ्यांवर रिकामे केले.

"अहो काका, पायऱ्यांचा पहिलाच हिवाळा..." मी बोलून गेलो.

"तिच्या गुडघ्याचाही पहिलाच आहे," काका म्हणाले. बर्फ चरचरत सुटेपर्यंत आम्ही तिघं तसेच उभे होतो. मग एका बाजूने त्यांनी आणि एका बाजूने मी धरून काकूंना खाली उतरवलं.

मार्चमध्ये पायऱ्यांचे पापुद्रे सुटले. काकांनी सवयीने पळीतून थेंब सोडले, ते मुरताना पाहिले, आणि पळी पुसून खिशात ठेवली.

गेल्या वर्षी दोघं मुलाकडे रेडमंडला गेले. "इथे नुसता पाऊस रे. काँक्रीटवर शेवाळ धरतं. काकू घसरायला नको, बघतो काय करायचं ते," काका फोनवर सांगत होते. मला त्यांची फार आठवण येते. बेल सरळ वाजली, की जास्तच.

त्यांच्या घरात आता नागपूरचं एक तरुण जोडपं राहतं. परवा तो मुलगा पायऱ्यांकडे बघत म्हणाला, "दादा, आधीच्या लोकांनी काही केअरच घेतली नाही यार. किती मीठ टाकलं असेल!"

"एकदाच," मी म्हटलं.