साहेबांच्या भाषणातली माझी माय

"मावशी, पदर जरा बाजूला घ्या. पोटावरचा व्रण दिसला पाहिजे."

फोटोग्राफर म्हणाला. घाटनांदूरच्या मंडपात, स्टेजवर, भर दिवसा. माझी माय खासदार साहेबांच्या शेजारी उभी होती. हातात सत्काराचा नारळ. साहेब हसले.

"दाखवा की. लाजायचं काय त्यात? डॉक्टरला दाखवलंच ना?"

पुढच्या रांगेत खुर्च्यांवर बसलेली माणसं हसली. मायचा हात पदराकडं गेला. तिला सवयच ती. मुकादम म्हणाला ऊठ, उठली. डॉक्टर म्हणाला झोप, झोपली. मी तिच्या मागं उभी होते, हारांचं ताट धरून.

आम्ही ऊसतोडीची माणसं. माय-बाप दरसाल कोयता घेऊन कारखान्यावर जायचे. मी मावशीपाशी राहून शिकले. अंबाजोगाईत एम.ए. केलं आणि साहेबांच्या संपर्क कार्यालयात कामाला लागले. साहेब आधी लोकसभेत होते. लोकांनी पाडलं, तर पक्षानं राज्यसभेत धाडलं. सभागृह बदललं, सवय तीच. भाषण दुसऱ्यानं लिहायचं, साहेबांनी वाचायचं. ते लिहिणं माझ्याकडं आलं. दिल्लीत बाकं वाजायची. इथं पेपरात छापून यायचं, अभ्यासू खासदार.

कार्यालयात सगळ्यांना कपबशीत चहा. मला कागदी कपात. आधी वाटलं, कप कमी असतील. मग नवा सेट आला. मला कागदीच. तेव्हापासून मी तिथल्या प्रत्येक गोष्टीकडं डोळे बारीक करून बघायला लागले. माझ्याशी कुणी गोड बोललं की वाटायचं, आता काय काढून घ्यायचंय?

मग राज्यसभेत बायांच्या आरोग्यावर चर्चा ठरली. साहेबांचे पीए म्हणाले, "ऊसतोडीच्या बायांवर एकदम जोरदार लिही. तुमच्या घरातलंच हाय ना?"

मी मायला विचारलं. तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. पाळीत पोट दुखायचं. घरी थांबलं की मुकादम खाडा मांडून पैसे कापायचा. दोनदा खाडा झाल्यावर तोच तिला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर त्याच्या ओळखीचा. तिची गर्भाची पिशवी काढली. तेव्हा मी अजून चड्डीत मुतत होते. महिन्याभरात माय परत उसाच्या फडात. तेव्हापासून तिची हाडं दुखतात, रात्री अंगाची आग होते.

"हे दिल्लीत बोलणार हाईत सायब?" तिनं विचारलं.

"हो."

"मुकादमाचं बी?"

"सगळंच."

मी सगळंच लिहिलं. मुकादम, डॉक्टर, कारखाना. कारखाना साहेबांच्या मेव्हण्याचा होता. तरी लिहिलं.

भाषणाच्या दिवशी आम्ही दोघी मोबाईलवर बघत बसलो. साहेब उभे राहिले. आवाज कापरा केला. "सभापती महोदय, माझ्या जिल्ह्यातल्या एका माउलीची गोष्ट सांगतो." मायनं माझा हात धरला. साहेबांनी तिचं नाव घेतलं, गाव घेतलं. तिची हाडं, तिची आग, सगळं घेतलं. आणि मग म्हणाले, "या आमच्या भगिनी अज्ञानापोटी स्वतःच गर्भपिशवी काढून घेतात. त्यांच्यात जनजागृती झाली पाहिजे."

मुकादम नाही. डॉक्टर नाही. कारखाना नाही.

बाकं वाजली. मायनं माझा हात सोडला.

"म्या अडानी म्हून काढली व्हय गं पिशवी?"

मी पीएला विचारलं, तेवढंच कावून गाळलं?

"वेळ संपला. सभापतींनी घंटी वाजवली."

मी घरी येऊन ते भाषण पुन्हा लावलं. घंटी कुठंच नव्हती. उलट शेवटी साहेबांनी सावकाश एक शेर म्हटला होता, आणि त्यावर स्वतःच मान डोलावली होती.

मग साहेबांकडून मायच्या सत्काराचं आमंत्रण आलं. मायला न्यायला जीप पाठवतो म्हणाले. मला जायचं नव्हतं. मायला जायचं होतं.

"मला त्यास्नी इचारायचंय."

म्हणून आम्ही त्या स्टेजवर होतो. पुढच्या रांगेत, पांढऱ्या कपड्यात, तोच मुकादम बसला होता. मघा हसणाऱ्यांत तोही होता.

मी ताट खाली ठेवलं. मायचा हात पदरावरून काढला आणि घट्ट धरला.

"फोटो मुकादमाचा काढा," मी म्हणाले. "तो समोर बसलाय. पिशवी काढायला हिला त्यानं नेलं होतं."

माइक चालू होता. पुढच्या रांगेतल्या माना मुकादमाकडं वळल्या. साहेबांचं हसू गेलं नाही, फक्त डोळे बदलले. माइकवर हात ठेवून ते हळू म्हणाले, "पोरी, कुणाच्या दारात उभी राहून बोलायला शिकलीस?"

"हिच्या," मी म्हणाले.

मायनं नारळ त्यांच्या खुर्चीवर ठेवला. तिनं माइक मागितला नाही.

"सायब, मला कळत व्हतं. मला इचारलंच न्हाई कुनी. तुमी बी न्हाई."

आम्ही खाली उतरलो. सतरंजीवर आमच्याच बाया बसल्या होत्या. त्यांना टेम्पोनं आणलं होतं, मुकादमानंच. कुणी उठलं नाही. एकीनं फक्त पाय आखडून आम्हाला वाट दिली. आम्हाला परत सोडायला जीप नव्हती. पीएचा फोन आला, उद्यापासून येऊ नको. पुढच्या हंगामाला मुकादमानं बापाला टोळीत घेतलं नाही. भाषण मात्र अजून फिरतंय. संसदेच्या दप्तरात माझी माय कायमची अडाणी म्हणून लिहिली गेली.

आता आम्ही आमचंच लिहितोय. संसदेकडं नागरिकांना थेट अर्ज करता येतो, हे मला साहेबांच्याच कार्यालयात कळलं होतं. त्या अर्जावर काही होईल, असं मला वाटत नाही. दाबतील. दाबला तर दुसरा करू, दुसऱ्या सभागृहाकडं करू. पाय आखडणारी ती बाई पहिली आली. मग आणखी आल्या. संध्याकाळी मायपाशी बसतात, सांगतात. मी लिहिते.

त्यांना मी पहिलंच सांगते, माझ्यावर विश्वास ठेवू नका. लिहून झालं की प्रत्येकीला मोठ्यानं वाचून दाखवते. ती "न्हाई" म्हणाली, तर तो शब्द खोडते. आणि तिनं घेतलेलं मुकादमाचं नाव, डॉक्टरचं नाव, कारखान्याचं नाव कुणाच्याही बापाच्या सांगण्यावरून काढणार नाही.