सिग्नलच्या पुढचा थांबा

भिंतीला कान लावायची मला गरजच पडली नाही. धाकटी जाऊ बोलायला लागली की भिंत आपणहून बाजूला व्हायची.

"तुमच्या वहीत बस वेळेवर, आणि हजेरीत मी उशिरा. दोघांतलं एक कुणीतरी खोटं आहे."

"वही खोटी नाही," भावजी म्हणाले.

"मग मीच खोटी. आणखी दोनदा उशीर झाला तर कामावर येऊ नका, म्हणाल्यात इस्पितळातल्या मोठ्या बाई."

जाऊ इस्पितळात आया होती. भावजी, म्हणजे माझा धाकटा दीर, बस डेपोत टाइमकीपर. बस फाटकातून सुटली की घड्याळ बघून वहीत वेळ टाकायची. पुढे रस्त्यात ती कुठे रखडते, ते कुठल्याच वहीत नव्हतं.

त्या आठवड्याच्या सुट्टीला भावजी डेपोपासून बसमध्ये बसले, मांडीवर घड्याळ ठेवून. संध्याकाळी माझ्या ओट्याशी येऊन म्हणाले, "वहिनी, चोर आपल्याच दारात उभा आहे."

थांबा आमच्या दारासमोर, सिग्नलच्या अलीकडे. हिरव्या दिव्यात माणसं चढायची, चढून होईस्तोवर दिवा तांबडा. एकाच जागी बस दोनदा थांबायची. असे थांबे वाटेत पाच.

पाचही थांबे सिग्नलच्या पुढे न्या, असा त्यांनी अर्ज दिला. साहेब म्हणाले, "तुमचं काम फाटकापर्यंत."

"माणसं फाटकात राहत नाहीत, साहेब."

साहेबांना एकदा बसमधून फिरवून आणलं, तेव्हा कुठे थांबे हलले. मधल्या काळात जाऊला एक उशीर झालाच. उरला एक. तो मात्र कायमचा उरला.

पण दारातला थांबा गेला, चौकापलीकडे दोनशे पावलांवर. जाऊचा गुडघा तर आधीच कुरकुरणारा. "दारची बस घालवलीत आणि वर मला चालवताय."

"मग हात धरतो की."

त्यासाठी भावजींनी दुपारची पाळी मागून घेतली. निवृत्त झाले तरी सकाळची ही खेप चुकली नाही.

ज्या दुपारी ते गेले, त्या सकाळी त्यांच्या अंगात कणकण होती. जाऊ म्हणाली, "आज राहू द्या."

"बोलत बसलीस तर बस जाईल," म्हणत त्यांनी चपला घातल्या, तिचा हात धरून चौक ओलांडला, तिला चढवून दिलं, घड्याळ बघितलं. परत येऊन माझ्या दाराशी थांबले.

"सात बेचाळीसला सुटली, वहिनी. वेळेवर."